मायक्रोफोनांची वेगळी चूल

नभोवाणीच्या किंवा ध्वनिमुद्रणाच्या दालनांत पाहुणा शिरला म्हणजे त्याची दृष्टि प्रथम मायक्रोफोनकडे जाते. दांड्यावर चढविलेलें, जाळीदार तोंडाचें तें लहानसें यंत्र सर्वांच्या कुतूहलाचा विषय असतें. दांड्याच्या पायथ्याशीं ठेवलेल्या लोखंडी पेटीकडे मात्र सहसा कोणी पाहत नाहीं. १९५० ते १९६५ या काळांत युरोपांतील मोठ्या ध्वनिमुद्रणशाळांतून अशा पेट्या जागोजाग दिसत. मायक्रोफोन एक असला तर पेटी एक, आणि मायक्रोफोन दहा असले तर पेट्याहि दहा. प्रत्येक पेटींतून एक जाड, अनेक पदरांची केबल मायक्रोफोनकडे जाई व दुसरी तार भिंतींतल्या विजेच्या खोबणीकडे. मोठा वाद्यवृंद बसावयाचा असला कीं वादकांना या तारा चुकवीत आपापल्या खुर्चीपर्यंत जावें लागे.

घर एक आणि चुली दहा, असा हा संसार होता. या दहा चुली मोडून एकच मोठी चूल कां मांडली गेली नाहीं? मायक्रोफोन तर एकाच जातीचे, वीजहि एकाच भिंतींतून येणारी. प्रश्न इतका सरळ आहे कीं त्याचें उत्तर एखाद्या हुशार कारागिरानें आठवड्याभरांत द्यावें असें वाटतें. प्रत्यक्षांत त्याला जवळजवळ पन्नास वर्षें लागलीं, आणि शेवटीं उत्तर मिळालें तें ज्या बाजूनें शोध चालला होता त्या बाजूनें मिळालें नाहीं.

मुळांत मायक्रोफोनला वीज लागतेच कां, हें आधीं पाहिलें पाहिजे. कारण सर्वच मायक्रोफोनांना ती लागत नाहीं. ज्याला कंडेन्सर मायक्रोफोन म्हणतात त्याचा जन्म अमेरिकेंत झाला. वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीच्या प्रयोगशाळेंतील एडवर्ड वेंटे या पदार्थवैज्ञानिकानें १९१७ सालीं त्याचें वर्णन प्रसिद्ध केलें. कल्पना विलक्षण साधी आहे. धातूचा एक ताणलेला पातळ पडदा आणि त्याच्या पाठीशीं, केसाच्या जाडीहूनहि कमी अंतरावर, एक स्थिर तबकडी. दोहोंमध्यें विजेचा दाब ठेवावयाचा. आवाजानें पडदा हालला कीं दोहोंतील अंतर बदलतें, विद्युत्संचय करण्याची शक्ति बदलते, आणि त्या बदलाबरोबर दाबहि खालींवर होतो. पडदा हलका, त्याला ढकलावयाचें म्हणजे केवळ हवेचा झोत. त्यामुळें स्वरांतील बारीकसारीक छटाहि तो टिपतो. त्या काळच्या टेलिफोनमधील कोळशाच्या कणांचा मायक्रोफोन सदा खरखरत असे. त्यापुढें वेंटेचें यंत्र म्हणजे धुक्यांतून उन्हांत आल्यासारखें होतें. १९२५ पासून विजेच्या साहाय्यानें ध्वनिमुद्रिका निघूं लागल्या आणि त्यानंतर दोनतीन वर्षांतच अमेरिकेंत बोलपट आले, त्या दोहोंच्या मुळाशीं हाच मायक्रोफोन होता.

परंतु त्याच्यांत एक मोठें व्यंग होतें. पडदा आणि तबकडी यांची संचयशक्ति अत्यल्प. ती ५० पिकोफॅरड धरली तर सेकंदाला ५० आवर्तनें असलेल्या खर्जाच्या स्वराला या यंत्राचा रोध सहा कोटी ओहमांच्या वर भरतो. इतक्या दुबळ्या उगमापासून तार लांबवावी तर तार स्वतःच सगळें गिळून टाकते. साध्या केबलची संचयशक्ति दर मीटरला शंभर पिकोफॅरड समजली तर दहा मीटरच्या केबलअखेर मूळ आवाजाचा जेमतेम एकविसावा हिस्सा उरतो. यावर उपाय एकच: आवाज वाढविणारा व्हॉल्व्ह पडद्याला अगदीं चिकटून, मायक्रोफोनच्या पोटांतच बसवावयाचा. आणि व्हॉल्व्ह आला कीं त्याचा शिधा आलाच.

हा शिधा दोन प्रकारचा असे, आणि पुढची सारी कथा या दोन प्रकारांतील भेदावर उभी आहे. व्हॉल्व्हच्या आंतील तंतु लाल होईपर्यंत तापवावा लागतो. त्याला विजेचा दाब थोडा, पण प्रवाह भरपूर लागतो. दुसरीकडे व्हॉल्व्हच्या प्लेटला शंभर-दोनशें व्होल्टांचा दाब लागतो, पण प्रवाह मात्र नांवापुरता. ज्या घरांतून विजेच्या अभावीं बॅटरीचे रेडिओ वापरले गेले, तेथील वडीलधाऱ्या माणसांना या दोन बॅटऱ्या आठवत असतील. एक लवकर थकणारी, दुसरी महिनोन्‌महिने टिकणारी. वेस्टर्न इलेक्ट्रिकचा मायक्रोफोनहि असाच दोन बॅटऱ्यांवर चाले. प्लेटचा दाबच पडद्यालाहि पुरवला जाई, आणि तो दोनशें व्होल्टांच्या आसपास असे.

सर्वांना मिळून एक बॅटरी ही कल्पना त्या वेळीं नवी नव्हती. उलट टेलिफोनच्या धंद्यांत ती रुळून गेली होती. आरंभीं प्रत्येक ग्राहकाच्या घरीं, टेलिफोनच्या लांकडी पेटींतच, त्याच्यापुरत्या बॅटऱ्या असत, आणि त्या बदलीत कंपनीचीं माणसें गांवभर फिरत. १८९३ मध्यें मॅसॅच्युसेट्स राज्यांतील लेक्सिंग्टन या गांवीं अमेरिकन बेल कंपनीनें हॅमंड हेज या अभियंत्याच्या योजनेनुसार सर्व ग्राहकांना एक्स्चेंजमधील एकाच मोठ्या बॅटरीवरून वीज दिली. वीजहि त्याच दोन तारांवरून जाई, बोलणेंहि त्याच तारांवरून येई. एका ग्राहकाचें बोलणें बॅटरीच्या वाटेनें दुसऱ्याच्या कानीं पडूं नये म्हणून प्रत्येक जोडींत वेटोळीं घातलेलीं असत. सरळ प्रवाह त्यांतून सहज जाई, आवाजाचे कंप मात्र अडत. पुढें एक्स्चेंजच्या या बॅटरीसाठीं ४८ व्होल्ट हा आंकडा जगभर रूढ झाला. तो येथें लक्षांत ठेवण्यासारखा आहे.

मग मायक्रोफोनच्या कारागिरांनीं हा कित्ता कां गिरवला नाहीं? टेलिफोनमधील कोळशाच्या कणांना तापवावें लागत नव्हतें, हें त्याचें कारण. तंतूची भूक मोठी होती. आवाज नेणाऱ्या बारीक तारांवरून ती भागण्याजोगी नव्हती.

या भुकेला कंटाळून अनेकांनीं कंडेन्सरचा नादच सोडला. आणि गंमत अशी कीं सोडणारांत खुद्द वेंटेहि होता. त्यानें व अल्बर्ट थुरास यानें १९३१ सालीं चुंबकाच्या क्षेत्रांत हालणाऱ्या वेटोळ्याचा मायक्रोफोन बाजारांत आणला; त्याला बॅटरीची गरजच नव्हती. हॅरी ओल्सन या अभियंत्याच्या हातून आर्‌सीए कंपनीचा रिबन मायक्रोफोन तयार झाला तोहि त्याच सुमारास. त्यांत ॲल्युमिनियमची नाजूक फीत चुंबकाच्या दोन टोकांमध्यें लोंबकळत असते आणि ती स्वतःच वीज निर्माण करते. बीबीसीनें १९३४ पासून मार्कोनी कंपनीच्या सहकार्यानें बनविलेला रिबन मायक्रोफोन वापरावयास घेतला, आणि दुसऱ्या महायुद्धांत लंडनहून जगाला ऐकूं आलेले बहुतेक आवाज अशाच फितीवरून गेले. हे मायक्रोफोन वाईट नव्हते. फितीचा गोडवा आजहि जाणकार वाखाणतात. पण झांजेची किनार, व्यंजनांचा लखलखीतपणा, तंतुवाद्यावर धनुकली टेकतांच उमटणारी ती बारीक खर, या गोष्टी कंडेन्सरच अधिक चांगल्या टिपी. इंग्लंड-अमेरिकेनें तेवढ्यापुरता स्वराचा कांहीं अंश सोडला आणि चूल विझवून टाकली, असें म्हणतां येईल.

जर्मनीनें ती विझवली नाहीं. बर्लिनमध्यें गेओर्ग न्यूमन यानें १९२८ सालीं स्वतःचा कारखाना काढला आणि त्याच वर्षीं सीएम्‌व्ही ३ हा मायक्रोफोन विक्रीस आणला. कारखान्यांत संख्येनें तयार होणारा तो पहिला कंडेन्सर मायक्रोफोन. सुमारें ४० सेंटिमीटर उंच, तीन किलोच्या आसपास वजन, आकार थेट बाटलीसारखा. लोक त्याला 'न्यूमनची बाटली' म्हणूं लागले यांत नवल नाहीं. बाटलीच्या जाड बुडख्यांत टेलिफुंकन कंपनीचा आर्‌ई ०८४ हा व्हॉल्व्ह असे. या नांवांतच त्याच्या तंतूची भूक लिहिलेली होती: ०.०८ ॲम्पिअर, ४ व्होल्ट. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळीं या बाटल्या मैदानावर होत्या, आणि त्यांच्या बॅटऱ्या व पेट्याहि अर्थात् बरोबर होत्या.

१९४३ च्या नोव्हेंबरांत बाँबहल्ल्यानें न्यूमनचा बर्लिनमधील कारखाना निकामी झाला आणि सारें बिऱ्हाड थुरिंगियांतील गेफेल या लहान गांवीं हालवावें लागलें. युद्धानंतर हा माणूस पुन्हां उभा राहिला तो केवळ मायक्रोफोनच्या जोरावर नव्हे. निकेल-कॅडमियम बॅटरींत तयार होणारा वायु आंतल्या आंत शोषला जाईल आणि बॅटरी पूर्णपणें बंद करतां येईल, अशी युक्ति त्याला १९४७ मध्यें साधली. पुढें घरोघरीं आलेल्या, पुन्हां पुन्हां भरतां येणाऱ्या सीलबंद बॅटऱ्या त्याच वाटेनें आल्या. मायक्रोफोनच्या चुलीनें ज्याला आयुष्यभर सतावलें त्यानेंच जगाला ही बॅटरी द्यावी, हा योगायोग मोठा मजेदार आहे.

१९४९ सालीं न्यूमनचा यू ४७ आला. ज्या मायक्रोफोनसाठीं आजहि संग्राहक लाखों रुपये मोजतात तो हाच. लंडनच्या ॲबी रोडवरील ईएम्‌आय कंपनीच्या दालनांतून बीटल्सच्या गाण्यांत त्याचा व त्याचा जुळा भाऊ यू ४८ याचा सर्रास उपयोग झाला. त्याच्या वीजपुरवठ्यांत एक चतुर तडजोड होती. त्यांतील व्हीएफ् १४ हा व्हॉल्व्ह मूळचा घरगुती रेडिओंसाठीं बनविलेला. त्याचा तंतु ५५ व्होल्टांचा. न्यूमननें तो ३६ व्होल्टांच्या आसपास, मंद आंचेवर चालविला, आणि प्लेटला लागणाऱ्या १०५ व्होल्टांच्याच तारेवरून, मध्यें एक जाड रोधक घालून, तंतूलाहि वीज दिली. दोन शिध्यांच्या जागीं एकच शिधा झाला. परंतु या सोयीची किंमत पाहावी. सुमारें ४० मिलिॲम्पिअरचा प्रवाह, १०५ व्होल्टांचा दाब: म्हणजे चार वॅटहून अधिक शक्ति, आणि तिचा मोठा भाग त्या रोधकांत नुसता ऊष्णतेच्या रूपानें वायां जाई. यू ४७ हातांत धरला तर कोमट लागतो तो याचमुळें. शिवाय या विशिष्ट व्हॉल्व्हशिवाय दुसरा चालत नसे, आणि दशक संपण्यापूर्वीं टेलिफुंकननें तो करावयाचें बंद केलें.

दुसरा मार्ग हँबुर्गच्या बाजूनें निघाला. उत्तर-पश्चिम जर्मन नभोवाणीच्या अभियंत्यांच्या साहाय्यानें न्यूमनचा एम् ४९ तयार झाला आणि त्यासोबत जर्मन नभोवाणी केंद्रांत एका नव्या, करंगळीच्या पेराएवढ्या व्हॉल्व्हचा प्रसार झाला. त्याचें नांव एसी ७०१. तंतूला ४ व्होल्ट व १०० मिलिॲम्पिअर, प्लेटला १२० व्होल्ट. न्यूमनचा केएम् ५४ त्याच व्हॉल्व्हचा, शोप्स कंपनीचा एम् २२१ हि त्याच व्हॉल्व्हचा. प्रथमच वेगवेगळ्या कारखान्यांच्या मायक्रोफोनांची भूक समान झाली. आतां तरी एक सामाईक पेटी करावी असें कोणाच्याहि मनांत आलें असतें. ती करूं गेल्यास काय होतें, हें थोडें हिशेबानें पाहण्यासारखें आहे.

दहा मायक्रोफोन घेऊं. प्लेटचा शिधा वाटणें सोपें. प्रत्येकाला अर्ध्या मिलिॲम्पिअरच्या आसपास प्रवाह, म्हणजे दहांना मिळून अवघे पांच मिलिॲम्पिअर. घरांतील वीज उलटसुलट वाहणारी, तिला एका दिशेची केली तरी सेकंदाला शंभर वेळां तिची लाट उठतेच. पण इतक्या थोड्या प्रवाहाच्या लाटा शमविणें अवघड नाहीं. प्रत्येक मायक्रोफोनच्या शाखेंत दहा हजार ओहमांचा रोधक आणि ५० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर ठेवला कीं लाट सुमारें तीनशें पटींनीं कमी होते. अशा दोन पायऱ्या केल्या तर लाखाच्या घरांत. दर पायरीला दाब कमी होतो तो अवघा पांच व्होल्ट, आणि १२० व्होल्टांत तो सहज भरून काढतां येतो. याच रोधकांमुळें दुसरेंहि एक काम फुकटांत होतें. एका मायक्रोफोनमधील आवाजाचा कंप सामाईक तारेच्या वाटेनें शेजाऱ्याकडे जाऊं पाहतो, तो येथेंच अडतो. ढोलकीचा मायक्रोफोन गायकाच्या मायक्रोफोनमध्यें कुजबुजत नाहीं.

तंतूच्या बाबतींत मात्र हें सर्व उलटें होतें. दहा मायक्रोफोनांचा प्रवाह एक ॲम्पिअर. त्यांतील लाट दहा मिलिव्होल्टांपर्यंत खालीं आणावयाची म्हटली तर केवळ कंडेन्सरच्या बळावर त्यासाठीं एक फॅरडची, म्हणजे दहा लाख मायक्रोफॅरडची, संचयशक्ति लागते. त्या काळीं ही गोष्ट कल्पनेंतच राहणारी होती. रोधक घालून लाट शमवावी तर दाबच शिल्लक राहत नाहीं, कारण मुळांत तो चारच व्होल्ट. लोखंडाच्या गाभ्यावरचीं जड वेटोळीं घालावीं तर पेटी दोघांनीं उचलावी लागे. शिशाच्या मोठ्या बॅटऱ्या हा उत्तम उपाय खरा. त्यांच्याइतका शांत वीजपुरवठा दुसरा नाहीं. पण त्यांचें ॲसिड, त्यांचा वास, त्यांत वेळोवेळीं घालावें लागणारें पाणी, हें सर्व सांभाळावयास एक माणूसच ठेवावा लागतो. आणि उलटसुलट वाहणारी वीजच तंतूला दिली तर तिची गुणगुण थेट आवाजांत उतरते. कांहीं मिलिव्होल्टांच्या आवाजाशेजारीं ती झांकली जात नाहीं.

याहून नाजूक अडचण केबलची. निवेदकाचें टेबल पेटीपासून पांच मीटरवर, आणि रंगमंचावरील मायक्रोफोन पन्नास मीटरवर. केबलचा जाता-येतां रोध दोन ओहम धरला तर १०० मिलिॲम्पिअरला ०.२ व्होल्ट वाटेंतच सांडतात. चार व्होल्टांत ते पांच टक्के झाले. तंतु थंड राहिला तर व्हॉल्व्ह खरखरूं लागतो. जास्त तापला तर त्याचें आयुष्य आटतें. सामाईक पेटींतून सर्वांना एकच दाब सुटणार, आणि प्रत्येकाच्या तोंडीं पडणारा घास मात्र निराळा. म्हणून प्रत्येक शाखेला स्वतंत्र नियामक हवा, आणि दाब मोजावयाचा तो पेटीपाशीं नव्हे, मायक्रोफोनच्या टोकाशीं. मग सामाईक पेटींत सामाईक असें उरतें काय?

कोणी म्हणेल, सर्व तंतु एकापुढें एक जोडून एकाच प्रवाहावर चालवावेत. दिवाळींत दारावर लावलेल्या दिव्यांच्या जुन्या माळांचा अनुभव ज्याला आहे त्याला या सूचनेचें उत्तर देण्याची गरज नाहीं. एक तंतु तुटला कीं सारी माळ अंधारांत. आणि येथें अंधार म्हणजे चालू कार्यक्रमांत दहाहि मायक्रोफोन मुके. तीच भीति सामाईक पेटीबद्दलहि होती. एखाद्या केबलमध्यें दोन तारा एकमेकींना चिकटल्या तर साऱ्या दालनाची वीज बसेल; निराळ्या पेट्यांत तोटा एकट्याचाच. त्यांतून व्हिएन्नाच्या एकेजी कंपनीचा १९५३ मधील सी १२, किंवा वर सांगितलेला एम् ४९, यांत आवाज कोणत्या दिशेनें घ्यावा हें पेटीवरील खुंटी फिरवून दुरून ठरवितां येई. ती खुंटी प्रत्येकाची वेगळी, तिचा दाब वेगळा. तेव्हां दहा पेट्यांचा तो पसारा अडाणीपणाचा होता असें समजण्याचें कारण नाहीं. दहा चुलींवर दहा भांडीं करपत नाहींत इतकी तरी खात्री होती.

कोडें सुटलें तें पेटींत नव्हे, मायक्रोफोनच्या पोटांत. १९६० नंतर ट्रान्झिस्टर, आणि विशेषतः त्यांतील फील्ड-इफेक्ट या जातीचा, इतका शांत व भरवशाचा झाला कीं व्हॉल्व्हची जागा तो घेऊं शकेल असें दिसूं लागलें. त्याला तंतु नव्हता. तापवावयाचें कांहींच नव्हतें. शिध्याचा जो भाग सुमारें सत्तर वर्षांपूर्वींच्या टेलिफोनच्या वाटेनें जाऊं देत नव्हता, तोच गळून पडला. आरंभीं जर्मनींत एक पद्धति निघाली तींत आवाज नेणाऱ्या दोन तारांमध्येंच बारा व्होल्टांचा दाब देत. चित्रपटांच्या ध्वनिलेखकांमध्यें ती बरीच वर्षें टिकली, पण तिच्यांत एक धोका होता: अशा तारेवर चुकून जुना रिबन मायक्रोफोन लावला तर त्याच्या नाजूक फितीला तो प्रवाह सोसत नसे.

१९६६ सालीं न्यूमनचे नवे ट्रान्झिस्टरचे मायक्रोफोन नॉर्वेच्या नभोवाणीकडे, एनआर्‌के या संस्थेकडे गेले. नॉर्वेकरांनीं अट घातली कीं वीज आवाजाच्या तारांवरूनच, परंतु कोणत्याहि जुन्या मायक्रोफोनला इजा न करतां आली पाहिजे. यासाठीं टेलिफोनच्या शास्त्रांतील एक जुनी युक्ति तयारच होती. दोन तारांना मिळून एकच दाब द्यावयाचा, आणि परतीची वाट केबलच्या जाळीदार आवरणांतून ठेवावयाची. दोन्ही तारा सारख्याच उंचीवर असल्यानें त्यांच्यांत परस्परांत दाब शून्य. आवाज त्यांच्यामधून निर्वेध जातो, आणि रिबन मायक्रोफोनला वीज आहे हें कळतहि नाहीं. टेलिफोनवाले दोन जोड्यांवर याच रीतीनें तिसरें, न दिसणारें संभाषण नेत; त्याला ते फँटम, म्हणजे भूत, म्हणत. मायक्रोफोनच्या या वीजपुरवठ्यालाहि तेंच नांव चिकटलें.

दाब किती ठेवावयाचा हा प्रश्न उरला. एनआर्‌केच्या दालनांत मुख्य वीज गेल्यास लागणाऱ्या दिव्यांसाठीं एक वेगळी वाहिनी आधींच खेळविलेली होती. ज्या देशाच्या उत्तर टोकाला हिवाळ्यांत आठवडेच्या आठवडे सूर्य उगवत नाहीं तेथें अशा दिव्यांची काळजी कोणी घ्यावी हें स्वाभाविकच. ती वाहिनी होती ४८ व्होल्टांची. नवी पेटी बांधण्यापेक्षां तीच वापरावी असें ठरलें, आणि केएम् ८४ हा मायक्रोफोन त्या दाबासाठीं तयार झाला. जगांतील सर्व दालनांत आज जो आंकडा पाठ आहे तो कोणत्याहि सूत्रांतून निघालेला नाहीं. तो नॉर्वेच्या दिव्यांचा आंकडा आहे. पुढें जर्मन मानक-संस्थेनें डीआयएन् ४५५९६ या क्रमांकाखालीं तो नियमबद्ध केला.

आतां वरचाच हिशेब पुन्हां मांडून पाहावा. केएम् ८४ ला लागतो ०.४ मिलिॲम्पिअर. प्रत्येक तारेंत ६,८०० ओहमांचा रोधक मुद्दाम घातलेला असतो, दोन्ही मिळून ३,४०० ओहम. त्यांत दाब सांडतो जेमतेम १.४ व्होल्ट. व्हॉल्व्हच्या काळीं केबलच्या दोन ओहमांची धास्ती होती, येथें हजारो ओहम स्वखुषीनें घालून कांहीं बिघडत नाहीं. केबल दोनशें मीटर असली तरी मायक्रोफोनला फरक पडत नाहीं. तेच रोधक शेजाऱ्यांचे कंप अडवितात. तारा एकमेकींना चिकटल्या तरी त्या शाखेंतून चौदा मिलिॲम्पिअरहून अधिक प्रवाह वाहूं शकत नाहीं, आणि बाकीचे मायक्रोफोन बोलत राहतात. एवढी मात्र खबरदारी कीं एका जोडींतील दोन रोधक एकमेकांशीं तंतोतंत जुळले पाहिजेत, फरक ०.४ टक्क्याच्या आंत, असा मानकाचा नियम आहे. नाहींतर दोन तारांचा तोल जातो आणि बाहेरची गुणगुण आंत शिरते. कारखान्यांतील अभियंत्यांनीं पन्नास वर्षें ज्या अडचणींशीं झुंज दिली त्या सर्व, कांहीं पैशांच्या दोन रोधकांनीं निवारल्या. कारण एकच: एका यू ४७ ला जितकी शक्ति लागे तितक्यांत केएम् ८४ दोनशेंहून अधिक चालले असते. सामाईक चूल मोठी करावी लागली नाहीं; खाणाऱ्यांची भूक आटली.

येथें ही हकीकत संपावयास हवी होती. पण व्हॉल्व्हचा मायक्रोफोन मेला नाहीं. विसाव्या शतकाच्या अखेरीस गायकांना व ध्वनिलेखकांना जुन्या यू ४७ आणि सी १२ यांच्या आवाजाची ओढ पुन्हां लागली, त्यांच्या किंमती चढल्या, आणि कारखान्यांनींहि नवे व्हॉल्व्हचे मायक्रोफोन काढले. त्यांच्याबरोबर ती लोखंडी पेटी आणि ती अनेक पदरांची केबलहि परत आली. न्यूमनच्या १९९५ मधील एम् १४९ ला स्वतःची पेटी आहे. तंतूचा दाब मायक्रोफोनच्या टोकाशीं मोजून आणणाऱ्या वेगळ्या तारा तिच्या केबलमध्यें आहेत, म्हणजे केबल लहान असो कीं मोठी, तंतूला मिळणारा दाब ठरलेलाच राहतो. हँबुर्गच्या काळीं जें काम माणूस हातांत मीटर घेऊन करी तें आतां पेटीच करते.

ज्यांच्याजवळ असे आठदहा जुने मायक्रोफोन आहेत ते आजहि सामाईक पेटी बांधावयास बसतात, आणि त्यांचें काम त्यांच्या आजोबांच्या वेळेपेक्षां पुष्कळ सुकर झालें आहे. दाब स्थिर ठेवणारे नखाएवढे नियामक मिळतात. हजारो मायक्रोफॅरडचे कंडेन्सर मुठींत मावतात. तरी पेटीचें झांकण उघडून आंत पाहिलें तर जुनीच वांटणी दिसते. प्लेटच्या उच्च दाबाचा उगम एकच असतो, आणि त्यावरून दर मायक्रोफोनला एक रोधक व एक कंडेन्सर घालून शाखा काढलेल्या असतात. तंतूंचे नियामक मात्र मायक्रोफोन जितके तितकेच, रांगेनें मांडलेले असतात, आणि प्रत्येकावर त्याच्या केबलच्या लांबीची चिठ्ठी लावलेली असते.